वाघमारे साहेबांची पंगत

आमच्या विद्यापीठात दुपारी साडेबाराला भोंगा वाजतो. घंटा नव्हे, भोंगा. कारखान्यात वाजतो तसला, पोटातून उठणारा. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या रावेतच्या सोसायट्यांमधून गेटवर फोन आले, आग कुठे लागलीय म्हणून. आग कुठेही लागली नव्हती. वाघमारे साहेब रुजू झाले होते.

मी इथली ग्रंथपाल. 'शांतता राखा' ही पाटी माझ्या टेबलावर आहे आणि ती मी लोकांना पाळायला लावते. आणि भोंगा बसवला कुठे, तर नेमका माझ्या खिडकीच्या डोक्यावर. मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले, तर साहेब स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. बुटके, गोल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन आणि पेनाशेजारी चक्क एक स्क्रूड्रायव्हर. खाली न उतरताच म्हणाले, "मॅडम, घड्याळ बघून इथं कोणी काम सोडत नाही, वरच्या साहेबाकडे बघून सोडतं. भोंग्यानं सगळ्यांची सुट्टी एकदम होते. कंपनीत असतं ना, तर भोंग्यानंतर मशीनला हात लावू देत नाहीत."

'कंपनीत असतं ना, तर' हे त्यांचं पालुपद. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते अप्रेंटिस म्हणून चिकटले आणि कामगार कल्याण अधिकारी होऊन निवृत्त झाले. आमच्याकडे तेव्हा मूल्यांकनाची समिती येणार होती. तिला दाखवायला 'समता, समावेशन व कर्मचारी कल्याण कक्ष' हवा होता. आधी पाटी रंगवून आली, मग खोली शोधली, मग खोलीत बसवायला माणूस. पाटी दारापेक्षा रुंद निघाली. आमच्या कुलसचिवांचा हिशेब सरळ होता: निवृत्त माणूस, वर्षाचा करार, सह्या करेल, दुपारी डुलकी काढेल.

डुलकी कसली! पहिल्याच आठवड्यात सकाळी नऊला साहेबांनी सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा करून हातपाय हलवायला लावले. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, ज्यांना स्वतःचे बूट बऱ्याच वर्षांत दिसले नव्हते, तेही वाकायला लागले. शिव्या देत वाकले, पण वाकले. आता तेच लोकांना सांगत फिरतात की पाठदुखी गेली.

विद्यार्थ्यांना ते अप्रेंटिस म्हणत, परीक्षेला फायनल इन्स्पेक्शन आणि माझ्या ग्रंथालयाला स्टोअर. मी 'स्टोअरवाल्या मॅडम'. कुलगुरूंना त्यांनी तोंडावर 'प्लँट हेड' म्हटलं, तेव्हा कुलसचिवांनी कपाळाला हात लावला. कुलगुरू मात्र आतून खूश झालेले मी पाहिले. गेटवरच्या रखवालदारांना खुर्च्या मिळाल्या त्या साहेबांमुळेच. उभ्याने चोर लवकर पकडला जातो असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय ते शोधून द्या, असं त्यांनी मला येऊन सांगितलं होतं. मी शोधायची तसदी घेतली नाही.

मग आली सूचनापेटी. नाव लिहायची गरज नाही, मनातलं बिनधास्त लिहा, अशी दवंडी पिटली. मी पहिल्याच दिवशी चिठ्ठी टाकली: 'भोंगा बंद करावा.' दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं की सर्वोत्तम सूचना 'भोंगा बंद करावा' ही असून सूचना देणाऱ्या निनावी व्यक्तीने कक्षात येऊन स्टीलचा थर्मास घेऊन जावा. आता सांगा, घ्यायला जाणार कसं? थर्मास त्यांच्या टेबलावर बरेच दिवस चमकत राहिला. येता-जाता ते मला म्हणायचे, "बक्षीस अजून पडूनच आहे हो मॅडम. कोण असेल बरं?" भोंगा अर्थातच चालू राहिला, फक्त त्याचं तोंड पार्किंगकडे वळलं.

हा माणूस असा सगळ्यांना छळत आणि हसवत असताना त्याला कॅन्टीन दिसलं.

आमचं जेवणघर चांगलं आहे. पंखे, मोठ्या खिडक्या, काचेचं दार. दारावर पितळी पाटी होती: 'फक्त अध्यापक व अधिकारी'. झाडलोट करणाऱ्या बायका, माळी आणि रखवालदार असे ठेक्यावरचे सगळे जनरेटरच्या शेडमागे जमिनीवर बसून डबे खायचे. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, आणि जे वर्षानुवर्षं चालतं ते कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. साहेबांच्या खुपलं. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी भर दुपारी पाटी उतरवली आणि कुलसचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

झालं! बैठक बोलावली गेली. कोणी म्हणालं जागा पुरणार नाही, कोणी स्वच्छतेचा मुद्दा काढला. स्वच्छतेचा, जेवणघर रोज पुसणाऱ्यांच्याच बाबतीत! एक प्राध्यापक बाई फार कळवळून म्हणाल्या, की आमचं काही नाही हो, पण त्यांनाच आपल्यात अवघडल्यासारखं होईल. त्यांना कोणी विचारलंय का, असं मी मागच्या खुर्चीवरून म्हटलं. सगळे वळून बघायला लागले. ग्रंथपालाला आवाज असतो हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

साहेब शांत होते. कंपनीत मॅनेजर आणि हेल्पर एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात आणि त्यामुळे एकही मशीन बंद पडलेली नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "वेगळी पंगत काय असते ते माझ्या आजोबांनी सांगितलं असतं. ते आता नाहीत. मी ऐकलंय, तेवढं मला पुरेसं आहे."

 शेवटी कुलगुरूंनी निकाल दिला: महिनाभर पाटी काढलेली राहील. डबा आणा नाही तर थाळी घ्या, सगळ्यांनी आत बसायचं. लोक आले तर उत्तम. नाही आले, तर पाटी परत लागेल आणि कक्ष चालू ठेवायचा का, याचाही विचार होईल. म्हणजे साहेबांची नोकरी गेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि शेडमागचं कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना सरत आला. काचेचं दार उघडं असायचं आणि बाहेर चिटपाखरू नाही. साहेबांनी शेडमागे जाऊन आग्रह केला, मुकादमाकरवी निरोप धाडले. बायका हो हो म्हणायच्या आणि तिथेच बसायच्या. कुलसचिव जेवताना दाराकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

माझा डबा मी एरवी ग्रंथालयातच खाते. त्या दिवसांत मात्र काळजीपोटी जेवणघरात डोकावले. साहेब कोपऱ्यातल्या टेबलावर एकटे होते. चार खुर्च्यांचं टेबल, तीन रिकाम्या. प्राध्यापक मंडळी दुसरीकडे दाटीवाटीने बसलेली, पण साहेबांच्या टेबलाला कोणी शिवत नव्हतं. त्यांचा व्यायाम, त्यांचे विनोद सगळ्यांना चालायचे. जेवायला मात्र पदवी नसलेला कंपनीवाला नको होता. मला इतका संताप आला, की मी डबा घेऊन तिकडे निघालेच. तेवढ्यात साहेब ताट उचलून उठले आणि दाराबाहेर पडले.

मी मागोमाग गेले. शेडमागे पाचसहा बायका डबे सोडून बसल्या होत्या. त्यांच्यातली हौसाबाई सगळ्यात मोठी, इथल्या जुन्या गावातली, जिभेला हाड नसलेली. या वेळी साहेबांनी आग्रह केला नाही, समजावलं नाही. ताट हातात धरून विचारलं, "मी इथं बसू का?"

बायका गडबडल्या. हौसाबाई म्हणाली, "साहेब, तुमची जागा आत हाय न्हवं? थितं पंखा हाय."

"आत माझ्याबरोबर कोणी बसत नाही," साहेब म्हणाले. "आणि घरीही मी एकटाच जेवतो. कंपनीत होतो तोवर दुपारी तरी माणसं असायची. मला एकट्यानं जेवण जात नाही हो, बाई."

त्यांनी हे लपवून न ठेवता, न लाजता सांगितलं, जसं कोणी गुडघा दुखतो म्हणून सांगावं. हौसाबाईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग बाजूला सरकून जागा केली.

"आवो, मग हे आदी बोलायचं," ती म्हणाली. "आमाला वाटलं तुमी आमची कीव करताय. फोटू काढाया न्ह्याल, समितीला दावाल. कुणाच्या उपकाराचं जेवाण आमाला जात न्हाई. तुमाला सोबत पायजे, तर ती गोष्ट येगळी."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि काचेच्या दारातून हौसाबाई आत आली. मागे सगळ्या बायका, त्यांच्या मागे दोन माळी आणि टोपी काखेत धरलेला एक रखवालदार.  कुलसचिवांचा घास हातातच राहिला. हौसाबाई त्यांच्या टेबलाजवळ थांबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, की आम्ही साहेबांच्या सोबतीला आलोय. मग सरळ कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा शेजारच्या टेबलाच्या ओढून घेतल्या. मीही घुसले. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख थोडा वेळ चुळबुळत बसले, मग स्वतःची खुर्ची उचलून तेही आले. पोटामुळे त्यांना दोन माणसांची जागा लागली.

साहेबांच्या ताटात चार डब्यांतल्या चार भाज्या पडल्या. इतके महिने आम्हाला कंपनीच्या गोष्टी सांगणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा घराबद्दल बोलला. बायकोचं नाव मंगल. रावेतला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि तिथे राहायला जायच्या आधीच ती गेली. मुलगी परगावी असते, रोज फोन करते, बाबा जेवलात का विचारते, आणि हे रोज हो म्हणतात. मंगल कारल्याची भाजी करायची, गूळ घालून, जरा करपवून. आता वरणभात लावतात आणि ओट्याशी उभ्यानेच खातात, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते.

 हौसाबाईने डब्याचं झाकण लावलं, पदराला हात पुसला.

"उद्या कारली आनते," ती म्हणाली. "मंगलबाईंवानी न्हाई जमायची. पर करपवीन जरा."

वाघमारे साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टोअरवाल्या मॅडम, उद्या चार खुर्च्या जास्त लावून ठेवा."