नानांचं गेस्ट हाउस

सकाळी बरोबर सहा वाजता आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शिट्टी वाजते. साधीसुधी शिट्टी नाही. ती ऐकून तापीपलीकडच्या म्हशी पान्हा चोरतात आणि स्टेशनात सिग्नलला उभी मालगाडी चुकून सुटते. मग खणखणीत आवाज येतो, "मावा!" पान उलटल्याची सळसळ. "हजर! तुडतुडे! हजर. ढालकिडे! दोन कमी... कुठं गेले बे?"

हे आमचे शेजारी सपकाळे नाना. परसातल्या भाजीवर किड्यांची हजेरी घेत असतात.

मी वाढवून सांगतो, असं आमचा सगळा लोधीपुरा मोहल्ला म्हणतो. असेल. माझं कापडाचं दुकान आहे. पाच मीटरचं पातळ गिऱ्हाइकाला साडेपाचचं दिसलं पाहिजे. पण या हजेरीत मी किड्याचा एक पायसुद्धा वाढवलेला नाही.

नाना चौतीस वर्षं एका कागदाच्या मिलमध्ये टाइमकीपर होते. गेटवर उभं राहायचं. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा आलं, कोण भावाला आपला अंगठा उठवायला लावून सिनेमाला गेलं, ते टिपायचं. रिटायर झाल्यावर ते आमच्या गल्लीत आले. घरात एकटेच. मागे चार वाफे केले आणि मिलमधून आणलेलं हजेरीचं एक कोरं मस्टर उघडलं. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, कानावर निळा पेन. मावा आला की "जनरल शिफ्ट आली". मावा खाणारे लाल ढालकिडे म्हणजे "सिक्युरिटी". मस्टरमध्ये रकाने चार: हजर, गैरहजर, रजा, बदली.

बदलीचा रकाना सगळ्यात भरलेला. कारण नाना कीड मारत नाहीत. चौथा वाफा, आमच्या भिंतीला लागून, त्यांनी किड्यांसाठीच ठेवलेला. त्यात वांगी, भेंडी, दोन टमाट्याची झाडं; पण त्यातलं फळ माणसानं तोडायचं नाही. त्याचं नाव गेस्ट हाउस. चांगल्या वाफ्यात अळी दिसली की नाना चिमट्यानं तिला अलगद उचलतात, चष्मा कपाळावर सारतात आणि म्हणतात, "चला साहेब, ऑर्डर निघाली. बदली झाली तुमची."

"अहो नाना, चिरडून टाका ना," मी एकदा भिंतीवरून म्हणालो.

"नाही शेठ," ते म्हणाले. "मिलमध्ये माणूस रिटायर झाला की लाल शाईनं त्याचं नाव कापायचं काम माझं होतं. शेवटच्या दिवशी माझंच नाव मीच कापलं. घरी आलो अन् लाल पेन फेकून दिला. आता कोणाचं नाव कापणं नाही."

मी हो-हो म्हणालो, आणि दुकानात जाऊन हीच गोष्ट अशी रंगवली की एक बाई हसता हसता गठ्ठ्यांवर कलंडल्या.

आता माझ्याबद्दल. आमच्या परसातही वांगी आहेत, भरताची. एकेक वांगं असं की भाजायला गॅसच्या दोन शेगड्या लागतात. आणि पानाला भोक नाही! सगळ्या गल्लीची वांगी किडायची, माझ्या झाडाची पानं इस्त्री केल्यासारखी. "सेठजी, क्या डालते हो?" लोक विचारायचे. मी तळहात दाखवायचो. "काही नाही. हाताला गुण आहे."

या हिवाळ्यात मी सासरच्या सगळ्यांना भरताचं जेवण कबूल केलं. जेवण रविवारचं. त्याच्या आदल्या सोमवारी नाना इच्छापूरला गेले. तिथं बहीण आहे, शिवाय देवीचं दर्शन. गुरुवारी मी परसात गेलो तर माझ्या वांग्यांच्या पानांची जाळी झालेली! पिवळ्या काटेरी अळ्या पानाखाली पंगतीला बसल्या होत्या. मी भिंतीवरून डोकावलो. गेस्ट हाउसमध्ये त्याच अळ्या, तोच पोशाख.

झालं! नानांचे पाहुणे भिंत ओलांडून माझ्याकडे जेवायला आले, हा निकाल मी तिथल्या तिथे लावला. फोपनारच्या मेहुण्याकडून त्याच्या केळीच्या बागेतलं औषध आणलं. बाटलीचं बूच उघडलं तर गल्लीतली तीन कुत्री शहर सोडून गेली. माझ्या वांग्यांवर दुकानातलं जुनं मांजरपाट पांघरलं, त्यांच्यावरच्या अळ्या हातमोजे घालून झटकल्या, आणि दुपारी सगळे झोपलेले असताना भिंतीवरून पंप घालून नानांचं गेस्ट हाउस पानापानानं भिजवलं. औषधाचं प्रमाण मेहुण्यानं सांगितलं होतं. मी त्याच्या दुप्पट घातलं. तिथंही वाढवलंच.

शुक्रवारी नाना परत आले. शनिवारी सहाला शिट्टी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. पान उलटल्याची सळसळ तेवढी चालू. शेवटी अगदी बारीक आवाज आला, "गेस्ट हाउस... सगळे गैरहजर." थोड्या वेळानं, "सिक्युरिटी पण?"

गल्लीतले चार जण गोळा झाले. मीही गेलो, न जाणं बरं दिसलं नसतं. वाफ्यात पानं करपून लोंबत होती, खाली लाल ढालकिडे उताणे पडले होते. "थंडीनं गेले असतील," मी म्हणालो.

नानांनी एक पान तोडलं, नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना म्हणाले, "माझीच चूक झाली. जायच्या आधी तंबाखूचा काढा मारला होता, जास्त कडक झाला."

मी सुटलो. नुसता सुटलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण मी दुकानात गेलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत सुटलो की चौतीस वर्षांचा टाइमकीपर, अन् आपल्याच हातानं सगळी शिफ्ट गार केली! लोक पोट धरून हसले. मीही हसलो. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

रविवारी जेवण झालं. नानांनाही बोलावलं होतं. सासरे म्हणाले, "जावईबापूंच्या हाताला गुण आहे!" मी मान झुकवून ते घेतलं. कोपऱ्यात बसलेले नाना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत म्हणाले, "हो, गुण तर आहे."

सोमवारी उजाडताना बायकोनं मला हलवलं. "अहो, उठा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा. आवाज करू नका."

मी पाहिलं. नाना आपल्या बाजूला स्टुलावर उभे राहून भिंतीवरून अर्धे आमच्या परसात वाकले होते. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मिलच्या दिवसांतला जेवणाचा डबा. माझ्या वांग्याचं एकेक पान उलटून अळ्या वेचून डब्यात टाकत होते आणि पुटपुटत होते, "चला साहेब, बदली झाली."

"हे काय?" मी म्हणालो.

"रोजचं आहे. दोन वर्षं झाली," बायको म्हणाली. "मी एकदा पाहिलं तेव्हा हात जोडून म्हणाले, शेठले सांगू नका वहिनी. त्याले वाटते त्याच्या हाताला गुण आहे. वाटू द्या."

म्हणजे गेस्ट हाउसमधले पाहुणे माझ्या परसातून तिकडे गेलेले. नाना चार दिवस नव्हते, म्हणून माझ्या पानांची जाळी झाली. आणि मी...

"तुमच्या शर्टाला कसला वास येत होता, ते नाही मी विचारलं," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

मी परसात गेलो. मला पाहून नाना असे दचकले की चिमटा खाली पडला. चोरी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा. "माफ करा शेठ," ते घाईघाईनं म्हणाले. "न विचारता हात घातला तुमच्या झाडाला."

ते माझी माफी मागत होते. भिंत अंगावर पडली असती तर बरं झालं असतं.

"नाना, तुमच्या वाफ्यावर..." मी म्हणालो.

"गेस्ट हाउस सध्या बंद आहे," ते मध्येच म्हणाले. "मातीतला वास जाऊ द्या. तोवर यांना नाल्यापाशी सोडून येतो." मग काखेतलं मस्टर भिंतीवर उघडून त्यांनी पेन काढला. "अन् तुम्ही? मी परत आल्यापासून भिंतीपाशी आले नाही. तब्येत बरी नव्हती ना?"

मी पाहिलं. किड्यांच्या नावांखाली शेवटची ओळ माझी होती. "शेठ." पुढे दोन-दोन मिनिटांच्या माझ्या गप्पांच्या बारीक निळ्या खुणा, पानभर. शेवटची घरं कोरी. गैरहजर लिहायलाही त्यांचा हात धजला नव्हता.

"रजा टाकू?" नानांनी विचारलं.

"रजा नका टाकू. ते औषध मी मारलं, नाना. केळीचं."

नानांनी वर पाहिलं नाही. आजच्या घरात "ह" काढला, पेन कानावर ठेवला आणि डबा भिंतीवरून माझ्या हातात दिला. "धरा. झाकण घट्ट लावू नका, हवा लागते त्यांना."

आम्ही निघालो. नाना पुढे, डबा घेऊन मी मागे. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नेहमीची मंडळी बसली होती. "काय शेठ, डब्यात काय आज?"

"अळ्या आहेत," मी म्हणालो. "माझ्या वांग्यांवरच्या. रोज नाना वेचतात, म्हणून वांगी चांगली येतात. माझ्या हाताला काही गुण नाही. अन् नानांचं गेस्ट हाउस मीच मारलं. काढ्यानं नाही काही."

मग अशी हसण्याची लाट उठली की टपरीवाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. "काय फेकता यार शेठ! आज तो हद कर दी!"

"आईशप्पथ खरं सांगतोय," मी म्हणालो. ते आणखी हसले.

नाना थोडं पुढे जाऊन थांबले होते, पाठमोरे. "चला शेठ," ते म्हणाले, "ऊन चढायच्या आत पोचलं पाहिजे यांना."