तिसऱ्या दिवशीची भेट

"कै. सबनीस साहेब रजेवरील कामगारांच्या घरी जाऊन पाळत ठेवीत. आमच्या लढाऊ चिटणीसांनी ही प्रथा बंद पाडली."

डोंबिवलीच्या आमच्या रंगकारखान्यातील निवृत्तांनी यंदा काढलेल्या स्मरणिकेतले हे वाक्य. लढाऊ चिटणीस म्हणजे मी, युनियनचा तेव्हाचा चिटणीस. वाक्य माझा गौरव करणारे आहे आणि त्यातली पाळत साफ खोटी आहे. सभेत उभा राहून मी तसे सांगताच संपादक देसाई म्हणाले, "अहो नाना, तुमचीच स्तुती आहे ना? बसा की खाली!"

मी बसलो नाही. तत्त्व होतेच, शिवाय एकदा उठल्यावर माझे गुडघे लगेच वाकत नाहीत.

सबनीस आमचे कामगार कल्याण अधिकारी. ठाकुर्लीला एका खोलीत एकटेच राहत. भेटताच नमस्काराऐवजी म्हणत, "जीभ दाखवा." मॅनेजरपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनी ती दाखवली आहे. अकराला पाण्याची घंटा वाजवून ते प्रत्येकाला पेलाभर पाणी पाजीत. "तहानेची वाट पाहू नका. ती उशिरा येते." माझ्या सुनेला तिच्या ठाण्याच्या कार्यालयाकडून आता रोज फोनवर प्रश्न येतो, 'आज कसे वाटते?' पाच चेहऱ्यांपैकी हसरा चेहरा ती न बघताच दाबते. सबनिसांपुढे ती सोय नव्हती.

त्यांचा मुख्य नियम असा, की आजारपणाच्या रजेच्या तिसऱ्या दिवशी कारखान्यातून कोणीतरी घरी गेलेच पाहिजे. कोणीतरी म्हणजे तेच जात. पिशवीत दोन मोसंबी, थर्मामीटर आणि भेटींची वही.

एका दिवाळीआधी मी तापाची रजा टाकून घराचे छत रंगवीत होतो. तिसऱ्या दिवशी पत्नी दारातून ओरडली, "अहो, सबनीस साहेब आलेत!" मी स्टुलावरून थेट पलंगावर गेलो आणि चादर ओढली. ब्रशाचा दांडा बाहेरच राहिला.

"जीभ दाखवा."

दाखवली. तिच्यावरही रंगाचा शिंतोडा होता.

"हं. पांढरी आहे."

"साहेब, ताप..."

"पडून राहा. छत अर्धेच झालेय." त्यांनी बाह्या सरसावल्या, ब्रश घेतला आणि उरलेले छत रंगवून, चहा पिऊन ते निघून गेले. त्यांची बाजू अधिक एकसारखी आली, हे पत्नी मला आजही ऐकवते.

ते रागावले असते तर मी माफी मागितली असती. त्यांनी छत रंगवले, म्हणून मी व्यवस्थापनाला निवेदन लिहिले: घरभेटी ही हेरगिरी असून त्या थांबवाव्यात व वही युनियनच्या ताब्यात द्यावी. सबनिसांनी ते माझ्यासमोर वाचले. "भाषा उत्तम आहे. झोप कमी होतेय का? जीभ दाखवा."

मी दाखवली नाही. आयुष्यातला माझा सर्वांत गाजलेला लढा तो एवढाच.

भेटी बंद झाल्या. दोन वर्षांनी निवृत्त होताना त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "तुम्ही मागितली होतीत." मी ती न उघडता माळ्यावर टाकली. परवा देसाईंचे तोंड बंद करण्यासाठी खाली काढली. रजा खरी की खोटी, असा रकानाच तिच्यात नाही. माझ्या नावापुढे लिहिले आहे: "ताप नाही. दमलेला आहे. छत उंच."

यावरही देसाई वाद घालतील. मीही घातला असता. म्हणून शेवटचे पान सांगतो. भेटी बंद झाल्यानंतरच्या हिवाळ्यात सबनीस तीन आठवडे रजेवर होते. त्यांच्याकडे कोणी जावे असा नियम उरला नव्हता, आणि नियमावाचून जाण्याचे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. मलाही नाही. वहीतली अखेरची नोंद त्या दिवसांतली आहे:

"सबनीस. कावीळ. तिसरा दिवस. भेटीस कोणी नाही. जीभ आरशात पाहिली."