मध्ये जागा आहे

पाण्याचं भरलेलं भांडं परत करणारा आमच्या गावात एकच माणूस आहे, याकोब ओहोळ. दारात आले की ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, ओट्यावर टेकतात आणि आतून पाणी आलं की हात आडवा धरतात.

"सुट्टं द्या, वहिनी. सुट्टं."

म्हणजे अर्धं. चुकून भांडं काठोकाठ भरलं गेलंच, तर शंभराची नोट उन्हात धरून तपासावी तसं ते डोळ्यांसमोर धरतात आणि म्हणतात, "आता याची मोड मी कुठून आणू?"

याकोबदादांची सगळी हयात मुरबाड डेपोत एसटीची कंडक्टरकी करण्यात गेली. खाकी उतरली, पण जिभेवरची एसटी काही उतरली नाही. दुपारी झोपलेत का विचारलं तर मार्थाबाई, म्हणजे त्यांची बायको, आतूनच सांगायची, "डेपोत लागलेत." कोणी फार बोलायला लागलं की दादा भिंतीवर बोटाने एकदा टकटक करतात. सिंगल बेल. थांब.

त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी आम्हाला पाठ आहेत. म्हसा गावच्या जत्रेच्या जादा गाडीत एकाने घोंगडीत गुंडाळलेला बोकड मांडीवर घेतला आणि ‘पोरगं आजारी आहे’ म्हणून सांगितलं. दादांनी निमूट अर्धं तिकीट फाडलं आणि बजावलं, "पोराला दाढी फुटलीय. पुढच्या जत्रेला फुल लागेल."

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधलं. गोऱ्या मिशनऱ्यांनी कधीकाळी इथे एक कौलारू चर्च बांधलं. त्याची घंटा मोठी आणि मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. पाळकसाहेब कल्याणहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना दादाच चालवतात. मी एकदा त्यांना वही द्यायला गेलो होतो तेव्हा दारातून ऐकलं. बाकं रिकामी, मार्थाबाई पहिल्या बाकावर खिडकीशी, मागे दोन-चार डोकी विखुरलेली, आणि दादा दोन्ही हात वर करून म्हणतायत, "पुढे सरका, पुढे सरका. मध्ये जागा आहे."

मी हसलो. मार्थाबाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. "रोजचंच हाय त्यांचं," असं तिने डोळ्यांनीच सांगितलं.

आता पाण्याचं सांगतो. मी फार बोलणारा माणूस नाही. वाशिंदला कारखान्यात जातो, येतो, मान खाली घालून जेवतो. पण लिहायलाच बसलोय तर झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

गावाच्या समोरून मुंबईला पाणी नेणारे पाइप जातात. माणूस ताठ उभा राहील एवढे. दादा त्यांना बघून सलाम ठोकतात. "नॉनस्टॉप गाडी! आपल्या थांब्यावर थांबत नाय." धरणं आमच्या उशाला, आणि होळीनंतर आमची विहीर तळ दाखवते. मग टँकर येतो. हा टँकर हंडे भरून देत नाही, सगळं पाणी विहिरीत ओततो आणि जातो. पुढे ज्याची दोरी आधी पडेल त्याचं पाणी. आमची आळी विहिरीला लागून. ठाकरांचा पाडा वर डोंगरात. तिथल्या बाया हंडे घेऊन खाली उतरेपर्यंत विहिरीत चिखल आणि बेडूक.

टँकर निघाला की ड्रायव्हरचा फोन यायचा माझ्याकडे, कारण पाणी समितीत मी. मी बायकोला सांगायचो. सुनंदा मोठ्याने कधी बोलायची नाही. नुसती रिकामी कळशी कमरेला लावून आळीतून एक चक्कर मारायची. तेवढं पुरे असायचं. पाच मिनिटांत सगळी आळी विहिरीवर, कुठे हूं नाही की चूं नाही.

हे दादांनी ओळखलं. एका संध्याकाळी ओट्यावर सुट्टं पाणी पीत बसले होते. मीच विषय काढला. मनाला लागलं होतं म्हणा. विचारलं, "दादा, तुमच्यात पापाची कबुली देतात म्हणे. कोणापुढे देतात?"

"ते क्याथलिकांत. आमच्यात थेट वर. मधे कंडक्टर नसतो."

"मग तुमचं काम काय?"

"मी बेल मारणारा." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "विशेभाऊ, ड्रायव्हरचा फोन आला की मला एक मिस्ड कॉल द्या. बोलू नका. बोललात तर खोटं बोलायची पाळी येईल. नुसता मिस्ड कॉल."

मी दिला. दोन उन्हाळे देत राहिलो, कारखान्याच्या संडासात उभा राहून, बायकोला फोन लावण्याच्या आधी. मिस्ड कॉल गेला की चर्चची घंटा वाजायची, टण्‌टण्. डबल बेल. निघा. तिकडे डोंगरउतारावर लाल-हिरवे पदर हलायला लागायचे. टँकर विहिरीशी लागायचा तेव्हा पाडा आणि आळी बरोबरच पोचलेले. काठावर दादा उभे. "घाई नको, सगळ्यांना घेणार. ओ निळं पातळ, तुम्ही मागच्या स्टॉपला. आजी, दोरी सांभाळा, हात बाहेर काढू नका!"

आळी खवळली. ग्रामसभेत घंटा बंद करायचा विषय आला. पुढारी म्हणाले, "ओहोळ, तुम्हाला टँकरची खबर देतो कोण?"

दादांनी बोट वर केलं. "वरून कळतं."

मी दुसऱ्या रांगेत होतो. बोट आढ्याकडे होतं, तरी मला ते माझ्याच टाळूवर टेकल्यासारखं वाटलं. आणि मी काय केलं? सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणालो, "हे काय बरोबर नाही, दादा!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाड्यावरची बुधीआजी मात्र उठून उभी राहिली. "याकोबा, तुझा देव टँकरचा सांगतो, ता लायटीचा पण सांगल काय रे?"

"विचारतो आजी. ते खातं वेगळं आहे."

सभा हसण्यात बुडाली. घंटा राहिली. पण त्यानंतर आळीतल्या कितीतरी घरांत दादांना पाणी विचारेनासे झाले. सुनंदाही त्यातली. दारावरून जाताना ते ओट्याकडे बघायचे, ‘जय ख्रिस्त’ म्हणायचे आणि पुढे जायचे. मी आत पेपर उघडून बसायचो.

तरी माणूस गप्प बसणारा नव्हे. पाऊस सरला की रविवारची उपासना ओढ्यावर. बंधारा घालायचा. दान म्हणून पैसा घेणार नाहीत, सिमेंटची रिकामी गोणी मातीने भरून लावायची. "देवाने पहिल्या माणसाला बाग राखायला दिली होती," गोणीवर बसून सांगायचे. "पास दिला होता, बाबांनो, मालकी नाय. पास रोज दाखवायला लागतो." पाड्यावरचे गडी हिंदू, पण गोणी उचलायला पहिले. बुधीआजी ओढ्याला हळदकुंकू वाहायची, तोवर दादा टोपी काढून बाजूला उभे. त्या बंधाऱ्याने विहीर होळीऐवजी पाडव्यापर्यंत टिकायला लागली. तेवढंच. पण तेवढं आम्हाला पुष्कळ.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात, मार्थाबाई गेली. बरेच महिने आजारी होती. पहाटे गेली, सकाळी नाक्यावर मला कळलं. दुसरी पाळी होती म्हणून घरी होतो. जाऊन पाहतो तर मार्थाबाईला चर्चमध्ये आणून ठेवलेली, पांढरी साडी, हातात मोगऱ्याचा गजरा. दादा तिच्या पायाशी स्टुलावर. पाळकसाहेब कल्याणहून निघाले होते. मंडळीतली मोजकी माणसं खाली मान घालून बसली होती.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. त्यांच्यात माणूस गेलं की घंटा संथ वाजवतात, एक टोला, मग थांबून दुसरा. घंटेचा दोर खुंटीला गुंडाळलेलाच होता.

"दादा, घंटा?"

"नको."

"का? मार्थाबाईसाठी..."

"पाड्यावर वारं उलटं असतं. सिंगल का डबल कळत नाय." दादा पायांवरची चादर सारखी करत होते. "पहिल्या टोल्याला बाया घर सोडतात. उन्हाचं धावत उतरतील. विहिरीत बघतील, थेंब नसणार. रिकाम्या हंड्यांनी परत चढायचं. मार्थाला नाय आवडायचं ते. तिनेच सांगून ठेवलंय."

मी बाहेर आलो. आळीत सामसूम, तिथे अजून कोणाला पत्ता नव्हता. घरी जाऊन चहा घ्यावा, पाळी गाठावी. आजवर असंच करत आलो होतो. पण पाय डोंगराकडे वळले. त्या वाटेने मी त्याआधी कधी चढलो नव्हतो, हे चढताना समजलं. वर पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली. बुधीआजीने दारात बघितलं, आत गेली आणि भांडं घेऊन आली. अर्धं भरलेलं. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"मार्थाबाय गेली?" आजीने विचारलं. "मंग घंटा का नाय वाजली?"

मी कारण सांगितलं. आजी वळून ओरडली, "गो सोमे, गो पारे, हांडे ऱ्हांदे! तशाच चला!"

सगळा पाडा खाली उतरला. बाया, गडी, कडेवरची पोरं. पहिल्यांदाच कोणाच्या डोक्यावर हंडा नव्हता आणि मोकळे हात कुठे ठेवावेत ते कोणाला कळत नव्हतं. आजी थेट दादांपुढे जाऊन उभी राहिली.

"याकोबा, आमी समदी खाली आलो. वर आता कुतरा पण नाय. आता कोन धावल? वाजव!"

दादा उठले, खुंटीवरचा दोर सोडला आणि पहिला टोला दिला.

पाड्यावर धावायला कोणी नव्हतं. पण आमची आळी होती ना! दुसरा टोला पडायच्या आत दारं उघडली आणि हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे ड्रम घेऊन आख्खी आळी धावत सुटली, सगळ्यांत पुढे सुनंदा. विहिरीवर टँकर नाही. चर्चच्या दारात ही गर्दी. आतून संथ टोले. उमज पडली तसे सगळे जिथल्या तिथे थांबले. भांडी लपवायला जागा नव्हती.

सुनंदा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "पाड्यावर कोनी कळवलं?"

"मी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला हिशोब जुळवायला वेळ लागत नाही. "टँकरचं पण?"

"हो. टँकरचं पण."

मला वाटलं, आता कळशी डोक्यात बसणार. तिने ती चर्चच्या पायरीवर ठेवली. तिच्यामागे दुसरीने, तिच्यामागे तिसरीने. विहिरीवर लावतात तशी भांड्यांची रांग लागली, पण कोणाचा नंबर आधी यावरून एक शब्द नाही. "वरून कळतं म्हनं," सुनंदा पदर डोक्यावर घेत पुटपुटली. "एवढा वर कधीपासनं गेलात तुमी?" आणि आत गेली.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं भिंतींना टेकून, खिडक्यांत, बाकांच्या मधल्या वाटेत. दादांनी दोर सोडला, तोंड पुसलं आणि सवयीने दोन्ही हात वर केले. "पुढे सरका, पुढे..." आणि तिथेच थांबले. ‘मध्ये जागा आहे’ म्हणायला त्या दिवशी मध्ये जागाच नव्हती.

एकच होती. पहिल्या बाकावर, खिडकीशी. एवढ्या दाटीत तिथे कोणी बसलं नव्हतं. बुधीआजी त्या बाकाला धरून उभी, उतरून उतरून तिचे पाय लटपटत होते.

दादा तिच्यापाशी गेले. तिचा हात धरला.

"बसा आजी," ते म्हणाले. "ही सीट रिझर्व्ह होती. आजपासून मोकळी आहे."