बिशप आणि सुरूचं झाड

सासऱ्यांच्या मासेमारीच्या पेटीतली, गळाला लावायची एकच खोटी मासोळी घ्यायची आणि तासाभरात परत ठेवायची, असं मी ठरवलं. (माझे सगळे घोटाळे ‘एकच’ म्हणूनच सुरू होतात.)

वॉली, म्हणजे माझे सासरे, नोव्हेंबरात गेले. त्यांची कयाक म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, गळाची काठी आणि पेटी आमच्याकडे आली, आणि माझी बायको ग्लेनिस हळूहळू बोलायचीच थांबली. चार महिने झाले, घरात दोन माणसं असूनही मी एकटाच जेवतोय असं वाटायचं. पेटीत सगळ्यात वर एक लाकडी मासोळी होती. ग्लेनिसने सात वर्षांची असताना आईच्या नेलपॉलिशने ती गुलाबी रंगवली होती. तिच्यावर एखादा बास मासा धरावा, फोटो काढून त्याला नदीत सोडावा, तो फोटो पाहून तरी ही हसेल, एवढाच माझा विचार होता.

आधी नदीच्या खालच्या अंगाला, कालवांच्या खडकांपाशी ब्रीम माशांसाठी प्रयत्न केला. ब्रीमनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग वर वॉलींच्या लाडक्या वळणावर गेलो. तिथे पाण्यावर वाकलेल्या सुरूच्या सावलीत बास असतात, म्हणून मासोळी फांद्यांच्या खालून टाकायची असते. मी ती फांद्यांत टाकली. वल्ह्याने फांदी ओढायला गेलो तर कयाक कलली, दोरी तुटली. वर नुसतं हिरवं धूसर दिसत होतं. (चष्मा पाण्यात पडेल म्हणून घरीच ठेवला होता.) खरं सांगतो, मला रडू आलं.

घरी ग्लेनिस पेटी उघडून बसली होती.

“माझी गुलाबी कुठंय, रसेल?”

आता इथे शहाण्या माणसाने कबूल केलं असतं. मी म्हणालो, “बिशपने नेली.”

बिशप म्हणजे त्या वळणावरचा म्हातारा, प्रचंड बास. वॉली मासोळीशिवाय परतले की बिशपनेच दोरी तोडलेली असायची. असं अठरा वेळा झालं होतं. ग्लेनिस त्या गोष्टींवरच वाढली होती.

ती एकदम उठून उभी राहिली. चार महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

“म्हणजे तो अजून आहे,” ती म्हणाली. “मला उद्या तिथे ने.”

रात्रभर मी ताप आणायचा प्रयत्न केला. आला नाही.

सकाळी ती वडिलांच्या कयाकमध्ये, मी मागून भाड्याच्या. झाडाखाली जाऊन तिने वर पाहिलं. चष्मा लावून मीही पाहिलं. गुलाबी मासोळी लख्ख चमकत होती. तिच्या आजूबाजूला गंजलेल्या, रंग उडालेल्या आणखी अठरा लटकत होत्या.

वल्ह्याने फांदी खाली घेऊन ग्लेनिसने एकेक सोडवायला सुरुवात केली.

“ही हिरवी मी त्यांना ख्रिसमसला दिली होती,” ती म्हणाली. “बिशपला तुझी भेट फार आवडली, असं म्हणाले होते.”

मग ती हसायला लागली. इतकी, की कयाक हलायला लागली. गुलाबी मासोळी हातात आली तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

“तीस वर्षं थापा मारल्या बाबांनी. आता भांडू कुणाशी?”

मी म्हणालो, माझ्याशी भांड.

“तू गप्प बस. थाप तरी स्वतःची मारायचीस.”

ती मांडीवरच्या एकोणीस मासोळ्यांकडे पाहत रडत होती. माझ्याने बघवेना. तिच्या खांद्यावर हात ठेवायला मी वाकलो आणि कयाकसकट उलटा झालो. वर आलो तेव्हा तिने माझी कॉलर पकडली होती. तशीच तिने मला काठापर्यंत ओढत नेलं. वाटेत ती हसत होती की रडत, ते कानात पाणी गेल्यामुळे मला कळलं नाही.

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो. ती वडिलांबद्दल बोलत राहिली, मी नाक पुसत राहिलो.

मासेमारी क्लबच्या फळ्यावर मात्र ग्लेनिसच्या अक्षरात नोंद आहे, आणि मी कितीही विनवलं तरी ती पुसायला सेक्रेटरी तयार नाही: “बिशप अखेर मिळाला. वजन चौऱ्याण्णव किलो. खाण्यालायक नाही, म्हणून घरी आणून सोडला.”