आजींचा कडक विरोध

पोरीने काय वाजवायचं ते पोरीनेच ठरवायचं, असं सुनेने जेवताना जाहीर केलं आणि तिथल्या तिथे पोरीला विचारलं. नात म्हणाली, "ड्रम." सून म्हणाली, नीट विचार करून सांग. नातीने घास गिळला, नीट विचार केला आणि पुन्हा ड्रमच म्हणाली. मग मुलाने समजावलं की कसलंही दडपण नाही, अगदी मनातलं असेल तेच बोल. हे दडपण नसलेलं विचारणं सगळ्यांचे हात वाळेपर्यंत चाललं. शेवटी पोर पेंगायला लागली आणि म्हणाली, "बरं, व्हायोलिन."

"बघा आई," सून म्हणाली, "आवड कशी आतून येते."

"येते खरी," आजी म्हणाल्या, "दोघांनी कोपरापर्यंत हात घालून ओढली की."

व्हायोलिन आलं आणि पाठिंबा सुरू झाला. पोरीने गज उचलला न उचलला तोच सून मान डोलवायला लागे आणि मुलगा मोबाइल रोखून समोर उभा राही. आलागेला माणूस ऐकल्याशिवाय सुटत नसे. ते वाद्य असं केकाटायचं की समोरच्या बिऱ्हाडातली बाई एकदा बिजागरीला घालायला तेल घेऊन आली.

खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहत. त्यांची लेक नातीच्याच वर्गात, मुंगीलाही वाट देणारी. मुलीत धिटाई यावी म्हणून डॉक्टरांनी तिला ड्रम घेऊन दिला होता. ती बिचारी काठी अशी टेकवायची, जणू ड्रमचीच दाढ दुखतेय.

एके दिवशी नात आजींच्या पलंगावर येऊन पडली. शाळेच्या बँडमध्ये तिला ड्रमच वाजवायचा होता, पण तसं म्हटलं की आईचा चेहरा पडतो, आणि तो पडलेला चेहरा तिला बघवत नव्हता. आजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला सांगितलं की कलाकाराला एकांत लागतो, सरावाच्या वेळी दार बंद हवं, मोबाइलवर एक मोठे डॉक्टर सांगत होते. मोबाइलवरच्या डॉक्टरांपुढे सुनेचं काही चालत नसे.

दार बंद झालं. डॉक्टर दवाखान्यात असताना खालची पोर स्वयंपाकघराच्या दाराने गुपचूप वर यायची आणि त्याच दाराने नात खाली पळायची. हळूहळू बंद खोलीतून असं गोड व्हायोलिन ऐकू येऊ लागलं की सून डोळे टिपायची. खालून मात्र धडाडधूम चालायचं. सून नाक मुरडायची. "लादलंय हो लेकरावर. काही आईबापांना मुलांचं मन कळतच नाही."

आजी म्हणायच्या, "नाही ना कळत."

शाळेचा कार्यक्रम आला. सगळ्या पोरांना एकच गणवेश, टोप्या भुवयांपर्यंत. मुलाने पहिल्या रांगेतून व्हायोलिनवाल्या पोरीचं मन लावून चित्रीकरण केलं, डॉक्टरांनी ड्रमवालीचं. वाजवणं संपलं, टोप्या निघाल्या. दोघे बाप एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू एकमेकांच्या चपला घालून घरी पोचले आहेत. मागे मोठ्या ड्रमपाशी नात घामाघूम होऊन हसत होती.

आजींना वाटलं, आता तमाशा होणार. पण घरी पोचेपर्यंत सून सावरली होती. "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, हिला ड्रमच आवडतो." मग बेत ठरले. घरी शिकवायला मास्तर, मग परीक्षा, मग स्पर्धा, आणि मुलगा रोजचा सराव टिपून सगळ्या नातेवाइकांना पाठवणार. नातीचं हसू मावळत मावळत पार पुसलं गेलं. आजींनी ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"या घरात ड्रम वाजणार नाही," त्या म्हणाल्या.

मुलगा चकित झाला. आई, काळ बदललाय, म्हणाला. सुनेच्या अंगात तर वारंच शिरलं. मुलीच्या आवडीआड कोणाला येऊ देणार नाही, मग ते कोणीही असोत, असं ती भिंतीकडे बघत बोलली. आजींनी डोकं धरलं, अबोला धरला, एका वेळचं जेवणही टाळलं. मग फार नाइलाज झाल्यासारख्या उठल्या.

"वाजवू दे. पण मागच्या खोलीत, दार लावून. मास्तरबिस्तर मला घरात नको. परीक्षा म्हटली की आणखी बडवेल, तीही नको. आणि मोबाइल घेऊन कोणी आत गेलं तर मी माहेरी जाईन."

सत्तरी उलटलेल्या आजींचं माहेर कुठे उरलंय, हे कोणीच विचारलं नाही. सुनेने जिंकल्याच्या भरात सगळ्या अटी मान्य केल्या. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आमच्या आई फार जुन्या विचारांच्या, पण त्यांच्याशी झगडून आम्ही पोरीला ड्रम मिळवून दिला. आजी ते मान खाली घालून ऐकतात.

पोर वाजवायला बसली की आजी दाराबाहेर खुर्ची टाकतात. सून पाण्याचा पेला आणून देते आणि फार त्रास होतो का, असं हळूच विचारते.

"होतो ना," आजी म्हणतात. "पण सोसतेय मी. तू जा."