नानासाहेबांचं अनावरण

अनावरण होईपर्यंत पुतळा जिवंत असतो, म्हणून आमची नगरपालिका दर सोमवारी माजी पंतप्रधान नानासाहेब हुदलीकरांच्या दाढीला न्हावी पाठवते. सोमवारी सलून बंद असतात, त्यामुळे कुणाचा खोळंबा होत नाही. न्हावी पांढऱ्या कापडाखाली शिरतो आणि ब्राँझचे खुंट झटकत बाहेर येतो.

मंत्रिमहोदयांना काही केल्या सवड मिळेना. आमच्या जिवाला घोर लागला, पण नानासाहेबांच्या मुलीचं, वत्सलाताईंचं, मात्र चांगलंच फावलं. वडील जन्मभर दिल्लीत; गावी आले तरी ओसरीवर कार्यकर्त्यांची जत्रा. आता साठीत ताईंना ते एकटे सापडले होते. पुतळा बसलेला, चौथरा बुटका. ताई शेजारी खुर्ची टाकायच्या आणि कापडाखाली त्यांचा हात धरून भाजीच्या भावापासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं सांगायच्या. आतून "हं, मग?" यायचं. ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, आणि हेवाही वाटायचा.

अखेर तारीख ठरली. ताई म्हणाल्या, "दोरी मंत्र्यांना ओढू द्या. मी नाही ओढणार."

"घरच्याच माणसाने ओढावी लागते, ताई," मुख्याधिकारी समजुतीने म्हणाले. "शेजारच्या तालुक्यात आमदारांनी ओढली. तो पुतळा अजून गेलेला नाही. भर उन्हात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो. घशाखाली मात्र थेंब उतरत नाही."



कार्यक्रमाला झाडून सारं गाव लोटलं. मांडव फक्त पाहुण्यांपुरता होता. ताईंनी एका हातात दोरी घेतली, दुसरा कापडाखाली घातला आणि वाकून म्हणाल्या, "नाना, एकदा तरी माझ्यासाठी थांबतो म्हणा."

आतून शांतपणे उत्तर आलं, "वच्छे, लोक उन्हात बसलेत गं. ओढ."

मला त्या थोर माणसाचा मनस्वी राग आला.

ताईंनी दोरी ओढली. कापड खाली आलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मंत्री हार घेऊन पुढे सरसावले. ताई जागच्या हलेनात. मुख्याधिकारी त्यांच्या कानाशी लागले, "ताई, गार झालाय हात. सोडा आता."

"मी कधीच सोडला," ताई म्हणाल्या. "त्यांनी धरलाय."