बहात्तर भोकांचं विमान

दाताच्या डॉक्टरांचं विमान दुसऱ्या रविवारीही जमीन सोडायला तयार झालं नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते गुरगुरत पळालं, कुंपणाच्या जाळीत नाक खुपसून थांबलं आणि तिथेच पंखा फिरवत बसलं. डॉक्टर गळ्यात रिमोट अडकवून मागोमाग धावले. त्यांनी विमान जाळीतून सोडवलं, रुमालाने पुसलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत आले. तीस वर्षं लोकांच्या दाढा काढून काढून चेहरा सरळ ठेवण्याची विद्या त्यांना पक्की अवगत झाली होती.

त्या मैदानावर छोटी विमानं बांधायला आणि उडवायला शिकवायचे मास्तर. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला हा माणूस बोलायचा कमी, पण बोलला की ऐकणाऱ्याला आपण अजून पाचवीतच आहोत असं वाटायचं. त्यांनी विमान हातात घेतलं, दोन बोटांवर तोलून पाहिलं आणि पिशवीतून तराजू काढला.

"नकाशावर वजन किती लिहिलंय?"

"नऊशे ग्रॅम."

"हे साडेतेराशे आहे."

"मजबूत बांधलंय," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी पंख उन्हात धरला. पातळ, पारदर्शक आवरणातून आतल्या लाकडी फासळ्या दिसत होत्या. वजन कमी व्हावं म्हणून अशा प्रत्येक फासळीला तीन-तीन गोल भोकं पाडलेली असतात. इथे एकही दिसेना.

"डॉक्टर, भोकं कुठे गेली?"

"भरली."

"भरली म्हणजे?"

"भरली म्हणजे भरली. बहात्तर होती. एक सोडलं नाही. दातात भरतो तोच पांढरा मसाला घातला, वर निळा दिवा मारून कडक केला, घासून पॉलिश केलं. बोट फिरवून बघा, जोड लागला तर सांगा."

मास्तरांनी आवरणाची कड उचलून बोट फिरवलं. जोड लागला नाही. काम इतकं देखणं होतं की मास्तरांना धड रागावताही येईना.

"अहो, ती भोकं मुद्दाम पाडलेली असतात."

"मला वाटलं, दुकानदाराने किडकं लाकूड गळ्यात मारलं."

"कीड कंपास घेऊन बसते का?"

तेवढ्यात क्लबचे सचिव आले. नियम दाखवायची संधी दिसली की या गृहस्थांचा चेहरा उजळायचा. "शिकाऊ सभासदाला परीक्षेच्या तीन संधी. तुमच्या दोन झाल्या. पुढच्या रविवारी विमान वर गेलं पाहिजे, दोन फेऱ्या मारून पांढऱ्या रेषांच्या आत उतरलं पाहिजे. नाहीतर नाव वर्षभर यादीतून बाहेर. आणि खरं सांगू का, डॉक्टर, या वयात कशाला जिवाला घोर लावून घेता? येत जा, खुर्ची टाकून बसा, दुसऱ्यांची बघा."

खुर्ची टाकून बसा, हे डॉक्टरांना झोंबलं. त्यांचं वय अठ्ठावन्न. आठवड्याचे सहा दिवस माणसं त्यांच्याकडे नाइलाजाने यायची, कण्हत यायची आणि सुटलो म्हणत जायची. आपल्या मर्जीने, हौसेने, उड्या मारत जावं अशी डॉक्टरांना जगात ही एकच जागा सापडली होती. तिथून कुणी खुर्चीत बसवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

"पुढच्या रविवारी उडवतो," ते म्हणाले. "हेच विमान, हेच पंख. आणि एकही भोक उघडणार नाही. मी भरलेलं आजवर कुणाला उघडावं लागलेलं नाही."

"मग रस्त्यावरच चालवा," मास्तर म्हणाले. "फक्त सिग्नल पाळा."

घरी आल्यावर डॉक्टरांनी सगळं बायकोला सांगितलं. दवाखान्याची वही तीच सांभाळायची आणि डॉक्टरांनाही.

"अहो, मग उघडा ना ती भोकं. मास्तर शिकवतात, त्यांना कळत नसेल का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचं वजन किती ग्रॅम?"

वजन कमी करायचं नसेल तर जोर वाढवावा, असा डॉक्टरांनी सरळ हिशेब केला आणि सोमवारी दुप्पट ताकदीची मोटर आणली. मोटर जड, त्यामुळे विमान नाकावर झुकलं. म्हणून मंगळवारी शेपटीत शिसं घातलं. त्या भाराने चाकांचे पाय फाकले, म्हणून बुधवारी जाड तारेचे पाय आणि मोठी चाकं बसवली. संध्याकाळी तराजूवर ठेवलं तर काटा अठराशेवर गेला. बायको भाजी निवडत होती. तिने तराजूकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. ती बोलली असती तर परवडलं असतं.

गुरुवारी सकाळी ती बहिणीकडे गेली आणि डॉक्टरांनी तत्त्वाला थोडा वेळ बाहेर बसवलं. नवी मोटर, शिसं, मोठी चाकं सगळं उतरवून जुनं परत लावलं. पंख घेऊन दवाखाना गाठला, आतल्या खोलीचं दार लावलं, पंखाचं आवरण सोलून तो रुग्णाच्या खुर्चीत आडवा टाकला, वरचा दिवा ओढला आणि दात कोरायचं यंत्र सुरू केलं. पहिला रुग्ण दहाचा. तोवर चार-पाच भोकं उघडून बघू, कुणाला कळणार आहे, असा बेत होता. पण स्वतःच घट्ट बसवलेला मसाला स्वतःच कोरायचा म्हणजे चेष्टा नव्हे. एकदा हात कामाला लागल्यावर त्यांना घड्याळाचंही भान उरलं नाही.

बाहेर बाकावर माणसं येऊन बसत होती. पुढे काय झालं ते डॉक्टरांना नंतर बायकोकडून कळलं आणि बायकोला अख्ख्या गल्लीकडून.

आतून यंत्राचा आवाज येत होता आणि मधूनमधून डॉक्टरांचा. काम करताना पुटपुटायची त्यांना सवय होती.

"हे फारच खोल गेलंय." घर्रर्र. "छे, मधलं एकटं काढून भागणार नाही. तिन्ही काढायला लागतील." घर्रर्र. मग काडकन आवाज. "कडेचं तुटलं. तुटू दे, नंतर चिकटवू."

बाकावरचा किराणा दुकानदार म्हणाला, "बिचारा हूं की चूं करत नाहीये."

"शुद्धीवर असेल तर करेल ना," शेजारचा कारकून म्हणाला.

घर्रर्र. "झाले अठरा. राहिले चौपन्न."

माणसाला एकूण दात बत्तीस असतात, एवढा हिशेब बाकावरच्या सगळ्यांना येत होता. दुकानदाराला दुकान उघडं राहिल्याचं आठवलं. कारकुनाला काहीच आठवलं नाही, तो नुसताच उठून गेला. सुनेबरोबर आलेल्या एका आजींना तीन महिने जिना चढवत-उतरवत नव्हता. त्या सुनेच्या आधी खाली पोचल्या आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या की वर डॉक्टरांनी एका माणसाचे आतापर्यंत अठरा काढलेत आणि अजून थांबायचं नाव नाही. दुपारपर्यंत आठवड्याच्या सगळ्या वेळा रद्द झाल्या.

बायको परत आली तेव्हा बाकावर एकच माणूस उरला होता. मास्तर. त्यांचा डावा गाल टम्म सुजला होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, म्हणून सहा वर्षं टाळलेली ही पायरी ते आज चढले होते. पळून जायची इच्छा त्यांनाही होती, पण दाढ पळू देत नव्हती.

बायकोने दार ढकललं. डॉक्टर नखशिखांत पांढऱ्या भुकटीने माखले होते. मास्तरांची नजर खुर्चीतल्या पंखाकडे गेली.

"उघडलीत?" मास्तर म्हणाले. सुजेमुळे शब्द अर्धेच बाहेर पडले, पण रोख पोचला.

"तपासत होतो."

"किती तपासली?"

"एकाहत्तर," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी उरलेलं एक मास्तरांच्या डोळ्यांदेखत कोरून काढलं, पंख उचलून बाजूला ठेवला आणि खुर्ची पुसली. "या. आता तुमचं बघू."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "माझ्या दाताला हात लावायचा नाही. गोळी द्या."

"मास्तर, गालाचा रंग बघा. आत पू झालाय. दाढ उघडावीच लागणार. भरलेलं होतं का?"

"भरलंय. आणि उघडणार नाही."

बायको हसू दाबत वही उघडून बसली. तासभर दोघं हट्टाला पेटले होते. डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत थांबाल तर ताप येईल. मास्तर म्हणाले, येऊ दे. शेवटी मास्तरच म्हणाले, "रविवारी परीक्षा मी घेणार. तुम्ही पास झालात तर त्याच दिवशी खुर्चीत बसतो. नापास झालात तर पुन्हा माझ्या दाढेचं नाव काढायचं नाही."

"कबूल," डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या.

दोन दिवस डॉक्टरांना काम नव्हतंच. त्यांनी पंखांवर नवं आवरण चढवलं, बायकोच्या इस्त्रीने ताणून बसवलं आणि विमान दोन बोटांवर तोललं. ते सरळ राहिलं. तराजू म्हणाला, नऊशे दहा.

रविवारी गल्लीतली निम्मी माणसं मैदानावर आली होती. बहात्तर दात काढणारा डॉक्टर आता काय करतो, हे सगळ्यांना बघायचं होतं. सचिव वही आणि लाल पेन घेऊन उभे होते. मास्तर गालाला मफलर बांधून रेषेपाशी बसले होते. ताप दिसतच होता.

डॉक्टरांनी रिमोटचा दांडा पुढे सारला. विमान पळालं, दहा पावलांत हलकं झालं आणि वर गेलं. पण बघत बसायला वेळ नव्हता. पहिली फेरी पूर्ण करून विमान त्यांच्याच अंगावर यायला लागलं. भले भले शिकाऊ इथे आपटतात, कारण विमान समोरून आलं की डावं-उजवं उलटं होतं. डॉक्टरांना काही वाटलंच नाही. इवल्या आरशात बघून वरच्या दाढा कोरण्यात त्यांचा जन्म गेला होता. उलटं दिसणं हीच त्यांची रोजची नोकरी. त्यांनी विमान अलगद वळवलं, दुसरी फेरी मारली आणि पांढऱ्या रेषांच्या बरोबर मध्ये आणून उतरवलं. चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. आजींनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तर विमानाकडे बघत राहिले. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातांकडे पाहिलं आणि गालावरचा मफलर घट्ट केला.

"नापास," ते म्हणाले.

सचिवांनाही ते पटलं नव्हतं, पण नियम तो नियम. त्यांनी लाल पेनने नाव खोडलं. डॉक्टरांच्या बायकोने पदर खोचला आणि ती तोंड उघडणार एवढ्यात डॉक्टरांनी तिला हाताने थांबवलं. आतून ते संतापले होते. उड्डाण निर्दोष होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मास्तरांनाही. पण मास्तरांचा सुजलेला गाल आता मफलरमध्येही मावत नव्हता.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मी नापास. नाव गेलं तर गेलं. बाहेरच्या माळावर उडवीन, तिथे कुणाची यादी नाही. आता उठा आणि गाडीत बसा."

"पैज..."

"पैज तुम्ही जिंकलात. दाढ मी उघडणारच. काय करायचं ते करा."

मास्तरांना काहीच करता आलं नाही, कारण दुसऱ्या बाजूने बायकोने त्यांचा दंड धरला होता.

दवाखान्यात मास्तर खुर्चीचे हात आवळून बसले. डॉक्टरांनी भूल दिली, दाढ उघडली, पू निघाला. वीस मिनिटांत काम झालं आणि मास्तर एकदाही ओरडले नाहीत. दुखलंच नव्हतं. तोंडात कापसाचे बोळे, जीभ बधिर. ते काहीतरी सांगायला लागले, पण नुसते घशातून आवाज आले. मग त्यांनी हाताने पेन मागितलं. गळ्याशी बांधलेला कागदी रुमाल ओढून घेतला आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: पास. खाली सही केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते दाढेमुळे नव्हतं.

डॉक्टर रुमालाकडे बघतच राहिले. बायकोने तो त्यांच्या हातून घेतला, नीट वाचला आणि परत मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"अहो, असं चालत नाही," ती म्हणाली. "भूल दिलेल्या माणसाची सही कोण धरतं? सचिव उद्या हेच म्हणतील."

"म्हणू दे," डॉक्टर म्हणाले. "मास्तर, पुढच्या रविवारी बाहेरच्या माळावर परत उडवतो. शुद्धीत बघा आणि शुद्धीत सही करा."